धुरपदाबाईचा हिसका

“गंगावन शे ते! दख, वेणी मानजोडे कशी फुगेल शे!”

धुरपदाबाई तंबूत इतक्या मोठ्यानं बोलली की पडद्यावरच्या नटीचं रडणं कुणाला ऐकूच आलं नाही. शिरपूरच्या यात्रेत त्या साली पहिल्यांदाच बोलपट आला होता. नटीनं जाडजूड वेणी छातीवर घेऊन नवऱ्याचा निरोप घेतला, आमच्या गल्लीतल्या बाया पदरानं डोळे पुसायला लागल्या, आणि ही बाई तिच्या वेणीतले खोटे केस शोधत बसली!

“माय, गप बस वं,” तिची लेक भागा लाजून म्हणाली. “बठ्ठा लोके दखी ऱ्हायनात.”

“दखू दे. मन्ही पोरना केस दखतीन ते नटीले इसरी जातीन!”

खोटं नव्हतं ते. भागाची वेणी मांडीखाली यायची. आणि केसांच्या बाबतीत धुरपदाबाईचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. पोरगी पाहायला जायचं ठरलं की लोक आधी हिला बैलगाडीत बसवत. ती पोरीच्या मागं बसायची, वेणी मानेशी मुठीत धरायची आणि मग शेंड्याला एक हिसका द्यायची. गंगावन असलं तर हातात यायचं. तिला त्यात वावगं काही वाटत नसे. उलट आपण लोकांना फसवणुकीतून वाचवतो, असा तिचा तोरा. थाळनेरच्या एका पोरीचं गंगावन असंच भर बैठकीत हातात आलं, तेव्हा ते वर धरून ती म्हणाली होती, “हाई पोर टोप घालीसन बठेल शे, नाटकवालासारखी!” हा किस्सा ती पुढं कितीतरी वर्षं सांगायची. आम्हीही हसायचो. त्या पोरीचं पुढं काय झालं, हे आमच्यापैकी कुणी विचारलं नाही.

तंबूतली ती बढाई मात्र नरडाण्यापर्यंत पोचली. नटीपेक्षा दाट केसांची पोर शिरपुरात आहे म्हणून तिथल्या हिलाल आबांनी आपल्या मुलासाठी निरोप धाडला. घर खाऊन-पिऊन सुखी, मुलगा शिकलेला, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आत लग्न उरकायचं. धुरपदाबाईला आभाळ ठेंगणं झालं. नवरा गेल्यापासून तिला एकच घोर होता, की भागा चांगल्या घरी पडावी.

आणि पाहुणे यायच्या आधीच भागाला मुदतीचा ताप आला.

पोर वाचली, पण केस गेले. फणी लावली की पुंजकेच्या पुंजके यायचे. धुरपदाबाई रडत रडत एकेक केस उचलायची. केसांच्या बदल्यात सुया देणाऱ्या वैदिणी दारावरून हाका घालत जायच्या, ‘गुंतवळ द्या, सुया घ्या’. तिनं एक केस दिला नाही. सगळे धुतले, तेल लावून सरळ केले आणि काळ्या दोऱ्यात बांधून त्यांचं गंगावन केलं. जन्मभर जे दुसऱ्यांच्या डोक्यावरून ओढून काढलं, तेच स्वतःच्या हातानं लेकीच्या डोक्याला बांधलं. निरोप पाठवून पाहण्याचा कार्यक्रम पुढं ढकलता आला असता. पण तापातून उठलेल्या पोरीसाठी नरडाण्याचे लोक कशाला थांबतील?

पाहुणे आले. ओटीवर पुरुष, आत बायका. मुलाची काकू यशोदाबाई भागाच्या मागं बसली. तिनं वेणी हातात घेतली, मानेशी चाचपली, आणि धुरपदाबाईकडं पाहिलं.

“अक्का, वळखं का माले? थाळनेरनी यशोदा.”

धुरपदाबाईच्या तोंडचं पाणी पळालं. मी शिऱ्याची ताटली घेऊन तिथंच उभी होते. 

“मी नही हिसका देत,” यशोदाबाई शांतपणे म्हणाली. “तुम्हीच ओढी दखाडा. तुमना हातवर बठ्ठा लोके भरोसा ठेवतस.”

“तिनाच केस शेतस,” धुरपदाबाईचा आवाज फाटला. “देवनी आन, तिनाच शेतस!”

“मंग ओढा.”

धुरपदाबाईनं वेणीचा शेंडा हातात घेतला. किती पोरींच्या वेण्या त्या हातानं ओढल्या असतील! आता त्यानं शेंडा नुसता धरून ठेवला. बायका वाट पाहत होत्या. 

“माय, सोड,” भागा म्हणाली.

तिनं डोक्यावरचा पदर खाली घेतला, हात मागं नेला आणि गंगावन सोडवून आईच्या मांडीवर ठेवलं. मानेवर बोटाएवढी विरळ शेपटी तेवढी राहिली. मध्ये मध्ये टाळू दिसत होती.

“मन्हाच शेतस,” ती यशोदाबाईला म्हणाली. “तापमा गयी पडनात, मायनी जमा करी ठेवात.”

कुणी हसलं नाही. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. यशोदाबाईनं मांडीवरच्या त्या वेणीवरून एकदा हात फिरवला आणि उठली. उंबऱ्याशी थांबून म्हणाली, “दाट व्हतात, अक्का.” त्यात टोमणा नव्हता. पण गाडी जुंपून पाहुणे गेले ते गेलेच. नरडाण्याहून पुन्हा निरोप आला नाही. आखाजीला गल्लीतल्या पोरी झोक्यावर गाणी म्हणत होत्या, भागा घरातच बसून होती.

धुरपदाबाई त्यानंतर कुणाची पोर पाहायला गेली नाही. लोक गाडी घेऊन यायचे, ती आतूनच नाही म्हणायची.

एकदा मी विरजण मागायला गेले, तर भागा आईकडं पाठ करून बसली होती. उरलेली शेपटीही गळून गेली होती, डोक्यावर नुकती कुठं लव आली होती, तीही एका बाजूलाच. धुरपदाबाई तिला तेल लावत होती.

“माय, खरं सांग,” भागा म्हणाली, “केस येतस का?”

केसांच्या बाबतीत जिनं कधी कुणाची भीडभाड ठेवली नाही, त्या बाईनं तेलाची वाटी बाजूला ठेवली. मग तिनं त्या उघड्या टाळूवर तळहात ठेवला आणि बोटं अशी मिटली, जशी मुठीत जाड वेणी धरली आहे.

“दाट शेतस वं,” ती म्हणाली. “मूठमा मावत नहीत.”