पांढरा पट्टा

चौऱ्याण्णव सालापासून तीन वर्षं तुम्ही आवडाबाईला सरकारी कचेरीच्या बाकावर बसवलंत, साहेब, आणि पोरगा जिवंत आहे की नाही एवढंही सांगितलं नाहीत. वाघा सरहद्दीवर काही कोळी सोडणार आहेत, ही बातमी तिला टेंभी नाक्यावरच्या पेपरवाल्यानं वाचून दाखवली. आज ती दीर भिवाजीला मागे ओढत त्या सरहद्दीवर गर्दीतून कोपरं मारत पुढे घुसत होती.

मोरू, तिचा थोरला, पोरबंदरच्या बोटीवर खलाशी. बोट पलीकडच्या पाण्यात गेली म्हणून धरलेला. आज सुटणाऱ्यांत तो आहे की नाही, कुणी सांगेना.

झेंडे उतरवायच्या कवायतीला वेळ होता, तरी ढोल वाजत होते, माणसं नाचत होती. आवडाबाईला पाठींशिवाय काही दिसेना. एका धिप्पाड सरदारणीनं कुठून आलात म्हणून विचारलं. कोपरीच्या सिंधणींना मासळी विकून जमवलेल्या हिंदीत आवडाबाईनं सगळं सांगितलं. सरदारीण हळहळत बसली नाही. तिनं आपल्या नवऱ्याला आणि जावयाला पुढच्या पायरीवरून उठवलं, आवडाबाईला आणि भिवाजीला तिथं बसवलं आणि भिवाजीच्या हातात पराठे कोंबले.

"वयनी," भिवाजी पुटपुटला, "हिचा आवाज आपल्या बाजारात चालंल."

फाटक उघडलं. दाढ्या वाढलेली माणसं एकामागून एक येऊ लागली. सरदारणीनं पोराचं नाव विचारून घेतलं आणि खच्चून हाक मारली, मोरू! मग जावयानं, मग अख्ख्या पायरीनं. घोषणा सोडून शेकडो परकी माणसं एका खलाशाला हाका मारत सुटली.

रांगेतल्या शेवटच्यानं मान वर केली. मोरूच.

आवडाबाई पायऱ्या उतरून धावली. अडवायला आलेल्या जवानानं तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि वाट दिली.

मोरू मात्र थांबलेला. त्याच्या पावलांपुढे डांबरावर सरहद्दीचा पांढरा पट्टा आखलेला होता. त्यानं हात जोडले.

"साहेब, येऊ का?"

ढोल थांबले. आवडाबाईनं मनगट धरून त्याला अलीकडे ओढलं, छातीशी दाबलं आणि यादी धरून उभ्या असलेल्या अंमलदाराकडे वळली.

"माजा धाकटा पण दर्यावर जातो, साहेब. ह्यो पट्टा तुमी पाण्यात कुठं मारलाय? सांगा."