गुणवंतरावांचा पांढरा

मित्रांनो, माझ्या अंगावर शहाण्णव रंग आहेत. त्यांतला माझा स्वतःचा कोणता, असे कुणी विचारले तर मी आजही गोंधळते. मी भिंतीच्या रंगांचे एक जुने शेडकार्ड आहे. जबलपूरच्या एका घरात, कपाटातल्या खाकी लिफाफ्यात राहते. अंधारात असते म्हणून माझी कीव करू नका. हा लिफाफा मिळण्याआधी माझे रंग उडाले आहेत की नाही, हेच मला कळत नव्हते.

पुष्कळांना वाटते की माझे रंग छापलेले असतात. तसे नाही. कागदाच्या लांब पट्टीवर खराखुरा रंग पसरतात, वाळवतात, मग त्याचे बोटभर रुंद तुकडे कापून पानांवर चिकटवतात. माझी पाने आठ आणि प्रत्येक पानावर बारा तुकडे. पहिल्या पानावर सगळे पांढरे आहेत. पांढऱ्याचे बारा प्रकार कसे, असे तुम्ही विचाराल. एकेकटा पाहिला तर प्रत्येक जण पांढराच दिसतो. शेजारी शेजारी ठेवले की एक पिवळसर, एक किंचित गुलाबी आणि तिसऱ्या क्रमांकाचा चक्क निळसर दिसतो. म्हणजे पांढरा कोण, हे शेजाऱ्यावर ठरते की काय? जन्मापासून माझ्या डोक्यात हा घोळ आहे.

दोन हजार चार साली मी बडा फुहारा चौकाजवळच्या एका रंगांच्या दुकानात होते. तिथून गुणवंतराव मला घरी घेऊन आले. त्यांचे वडील भंडाऱ्याकडून इकडे कामाला आले होते. गुणवंतराव स्वतः एकतीस वर्षे लष्करी गाड्यांच्या सरकारी कारखान्यात होते, आणि तेही रंगखात्यात. रंगवून आलेल्या गाडीचा हिरवा मूळ नमुन्याशी जुळतो का, हे तपासायचे त्यांचे काम. तिथे मूळ नमुना खाकी लिफाफ्यात, कपाटात बंद ठेवत, कारण उजेडाने रंग उडतो. रंग जुळला की गाडीबरोबर रंगवलेल्या पत्र्याच्या तुकड्यामागे तारीख घालून सही करत. गुणवंतरावांची एक लकब होती. तुकडा हातभर लांब धरायचा, डावा डोळा मिटायचा आणि उजव्याने पाहायचे. त्यांचा उजवा डोळा म्हणजे मोजपट्टी आहे, असे सारे खाते म्हणत असे. हे मला त्यांनी पहिल्याच दिवशी ऐकवले, म्हणजे ऐकवले पत्नीला, पण मी त्यांच्या हातात होते.

त्या विनताबाई. त्यांची एकतीस वर्षे कारखान्याच्या क्वार्टरमध्ये गेली होती. दर तीन वर्षांनी सरकारी माणसे यायची आणि भिंतींना तोच फिका पिवळा मारून जायची. कोणता हवा, असे कधी कुणी विचारले नव्हते. आता निवृत्तीनंतर क्वार्टर सोडायचे होते आणि गावाबाहेर नवे घर उभे राहिले होते. विनताबाईंनी माझी आठही पाने सावकाश उलटली आणि पाचव्या पानावरच्या सातव्या तुकड्यावर बोट ठेवले. फिकट आकाशी. स्वयंपाकघराला हा द्यावा, असे त्यांचे म्हणणे होते. त्या नुकत्याच भाजीच्या फोडणीवरून उठून आल्या होत्या. त्या बोटाचा हळदीचा डाग अजून माझ्या कडेला आहे.

गुणवंतरावांनी मला लांब धरले, डावा डोळा मिटला.

"हा आकाशी? अगं, मळकट राख आहे ही."

"मले तर निळा दिसून राहिला," विनताबाई म्हणाल्या.

"तुले दिसून राहिला असंल. एकतीस वर्षं मी मंग काय केलं?"

विनताबाईंनी बोट काढून घेतले. त्यातले तुम्हालाच समजते, असे त्या म्हणाल्या आणि गॅसकडे गेल्या. मित्रांनो, मी पार गोंधळले. तो तुकडा आकाशी आहे, हे मला माझ्या पाठीवरच्या आकड्यावरून ठाऊक होते. पण समोर एवढा जाणता तपासनीस आणि मी साधे कार्ड. कुणाचे खरे धरावे?

पुढच्या खोलीसाठी त्यांनी पहिल्या पानावरचा तिसरा निवडला. हाच एक खरा पांढरा आहे, बाकी सगळे पिवळे, असे त्यांनी सांगितले. रंगारी लहानूभाऊ क्वार्टरच्या वस्तीतलेच. त्यांनी डबा उघडला, काडीने ढवळला आणि थोडे थांबले. हा जरासा निळा मारतो साहेब, असे ते हळूच म्हणाले. गुणवंतरावांनी त्यांच्याकडे नुसते पाहिले. लहानूभाऊंनी ब्रश बुडवला. दोन हात मारून खोली चार दिवसांत तयार झाली.

रविवारी गुणवंतरावांच्या थोरल्या बहीण बेबीताई शहरातल्या दीक्षितपुऱ्याहून नवे घर पाहायला आल्या. उंबऱ्यातच थांबल्या. त्यांनी चारही भिंतींवरून नजर फिरवली आणि पदर सावरला.

"काहून रे गुणवंता, दवाखाना उघडून राहिला का? नंबर कुठं लावायचा?"

सगळे हसले. विनताबाईही हसल्या आणि नवऱ्याचा चेहरा पाहून मध्येच थांबल्या. गुणवंतराव भिंतीकडे पाहत होते. त्यांना ती दुधासारखी पांढरी दिसत होती. ही माणसे कशाला हसतात, हेच त्यांना कळेना. त्यांनी एकेकाला विचारले. लहानूभाऊंनी मान खाली घातली. मुलगी शरयू नुकतीच भौतिकशास्त्र घेऊन पदवीधर झाली होती. ती म्हणाली, थोडा निळसर आहे बाबा. सगळ्यांनी आधीच ठरवून आपली थट्टा चालवली आहे, असे त्यांना वाटले असावे. ते चहा न घेताच गच्चीवर गेले.

दुसऱ्या दिवशी ते मला घेऊन दुकानात गेले. बरोबर भिंतीवरून खरवडलेला एक पापुद्राही होता. दुकानदाराने तो माझ्या तिसऱ्या तुकड्यावर ठेवला. पापुद्रा कुठे संपतो आणि मी कुठे सुरू होते, हे सांगता येत नव्हते.

"बाबूजी, दोनों एक ही हैं," तो नम्रपणे म्हणाला. "ये तो नीली झलक वाला ही व्हाइट है। सबको मालूम है।"

गुणवंतरावांनी माझी पाने पुन्हा उलटली. लोक ज्यांना पांढरे म्हणतात ते त्यांना पिवळे दिसत होते आणि निळे राखाडी. आता नीट ऐका, कारण इथेच त्यांची चूक झाली, आणि ती साध्या माणसाची नव्हे, तपासनिसाची होती. उन्हात पडलेल्या जुन्या नमुन्याची हीच लक्षणे असतात. त्याचे पांढरे पिवळे पडतात आणि निळे मळकट होतात. त्यांनी आयुष्यभर असे नमुने बाद केले होते. त्यांनी मलाही बाद केले. हे कार्ड उडाले आहे, असे ते म्हणाले. दुकानदाराने गठ्ठ्यातून कोरे कार्ड काढून दिले. गुणवंतरावांनी डावा डोळा मिटून तेही पाहिले. हेही उडाले आहे, सगळा गठ्ठाच जुना आहे, असा त्यांनी निकाल दिला.

मी उडाले होते का? मला आरसा नाही. माझे रंग मला दिसत नाहीत. इतरांना काय दिसते, तेवढेच मला माझ्याविषयी कळते. ज्याला सर्वांत जास्त कळते, तोच मी उडाले म्हणत होता. मीही ते जवळजवळ मान्य केले.

नव्या घरी आल्यावर मी खिडकीत पडले. तिथून कुणीतरी मला रंगाच्या डब्याखाली घातले. त्याचा गोल डाग माझ्या शेवटच्या पानावर अजून आहे. काम थांबले. स्वयंपाकघर नुसत्या गिलाव्याचे राहिले. क्वार्टरची किल्ली महिनाअखेर परत करायची होती, तिथली निम्मी भांडी पोत्यांत बांधलेली होती आणि गुणवंतराव काहीच ठरवत नव्हते. छताला कोणता पांढरा, असे लहानूभाऊंनी विचारले तेव्हा ते म्हणाले, "कोणताही मार." डबा धरलेल्या लहानूभाऊंचा हात तसाच राहिला. ज्यांनी एका छटेसाठी अख्खी गाडी परत पाठवली होती, त्यांच्या तोंडी हे शब्द कुणी ऐकले नव्हते.

मला डब्याखालून शरयूने काढले. ओल्या फडक्याने पुसले आणि वहीत दोन प्रश्न लिहिले. कार्ड उडाले आहे का? उजेडाचा दोष आहे का? पहिल्यासाठी तिने दुकानातून कोरे कार्ड आणून माझ्याशेजारी ठेवले. आईला, लहानूभाऊंना, शेजारणीला दाखवले. कुणालाच फरक सांगता आला नाही. दुसऱ्यासाठी तिने मला सकाळी खिडकीत धरले, दुपारी अंगणात, नंतर ट्यूबलाइटखाली आणि मग पिवळ्या बल्बखाली. प्रत्येक वेळी सगळ्यांना विचारले. उजेड बदलला की इतरांची उत्तरे बदलत होती. बल्बखाली तर तिला स्वतःलाही तिसरा तुकडा साईसारखा वाटला. बाबांचे उत्तर मात्र एकदाही बदलले नाही. तिसरा पांढरा, सातवा राख.

कार्ड बरोबर, उजेड बरोबर. तिने वहीत तिसरा प्रश्न लिहायला घेतला आणि अर्ध्यावर खोडला. उरले होते ते फक्त बाबा, आणि ते त्यांना कसे सांगायचे, हे पुस्तकात नव्हते.

सकाळचे ऊन नव्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर आले तेव्हा तिने त्यांना हाक मारली. बाबा, शेवटचे एकदा, म्हणाली. ते कंटाळून आले. मला हातभर लांब धरले, पाचवे पान उघडले, डावा डोळा मिटला.

"राख," ते म्हणाले.

"बाबा, डावा डोळा काहून मिटता?"

"सवय आहे. एकतीस वर्षांची."

"अच्छा, आज उजवा मिटून पाहा ना."

"तू मले रंग पाहणं शिकवून राहिली?"

पण त्यांनी उजवा डोळा मिटला.

मित्रांनो, त्यांनी डोळा बदलला. पुन्हा बदलला. डाव्या डोळ्याने आकाश, उजव्याने राख, आणि मी तर जागची हलले नव्हते. ते पुढच्या खोलीत गेले आणि भिंतीसमोर तसेच एकेक डोळा मिटत उभे राहिले. परत आले तेव्हा त्यांनी मला ओट्यावर सरळ ठेवले.

"नमुना बरोबर आहे," ते म्हणाले. "पाहणारा चुकला."

शरयूने त्यांचा हात धरला. त्यांना आणखी काहीतरी विचारायचे होते. शेवटच्या दोन वर्षांत ज्या गाड्यांच्या तुकड्यांमागे सही केली, त्यांचे काय? प्रत्येक तुकड्यावर दुसऱ्याही तपासनिसाची सही असे, हे त्यांनीच पूर्वी सांगितले होते. शरयूने त्याची आठवण करून दिली. त्यांनी मान हलवली, पण समाधान झाले की नाही, मला कळले नाही. त्या प्रश्नाचे उत्तर आजही या घरात कुणाकडे नाही.

डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला. डोळ्यातले भिंग वर्षानुवर्षे पिवळे होत जाते, आणि इतके हळूहळू की ज्याचा डोळा त्यालाच पत्ता लागत नाही. उजव्या डोळ्याचे ऑपरेशन झाले. त्या धावपळीत क्वार्टरची मुदत संपली. घराची बुद्धवंदना पुढच्या खोलीत निळसर भिंतींमध्येच झाली आणि विनताबाईंनी कच्च्या गिलाव्याच्या स्वयंपाकघरात खीर केली.

पट्टी निघून काही आठवडे झाल्यावर गुणवंतराव एका सकाळी पुढच्या खोलीत दोन्ही डोळे उघडे ठेवून उभे राहिले.

"ताई बरोबर बोलली," ते म्हणाले. "दवाखानाच आहे." आणि ते हसले.

मग त्यांनी मला घेतले, स्वयंपाकघरात आले आणि हळदीच्या डागाशेजारचा तुकडा पाहिला.

"तू बोट ठेवलं तेव्हाही हा असाच होता?"

"असाच होता," विनताबाई म्हणाल्या.

"मंग बोलली काहून नाही?"

"बोलली होती. मले निळा दिसून राहिला, म्हटलं होतं."

त्यांनी मला उलटे केले, सातव्या तुकड्यामागे तारीख लिहिली आणि पेन विनताबाईंपुढे धरला. पास तू कर, म्हणाले. विनताबाईंनी हात पदराला पुसले. मला हातभर लांब धरले, अगदी नवऱ्यासारखे, आणि विचारले, "कोणता डोळा मिटू?"

"कोणताच नाही."

विनताबाईंनी सही केली आणि गुणवंतरावांनी मला, कारखान्यातल्या मूळ नमुन्यासारखे, खाकी लिफाफ्यात घालून कपाटात ठेवले. लहानूभाऊ त्याच आठवड्यात आले. आता स्वयंपाकघर आकाशी आहे आणि पुढची खोली साईच्या रंगाची. फक्त दारामागचा भिंतीचा हातभर तुकडा गुणवंतरावांनी तसाच निळसर ठेवायला लावला. अधूनमधून ते तिथे जाऊन उभे राहतात. मला मात्र अजून उमगत नाही की तो तिसरा तुकडा नक्की कोणाचा पांढरा होता. त्यांच्या डोळ्यात तो खरोखरच पांढरा होता ना?

म्हणून मित्रांनो, एवढेच मागणे आहे. माझ्यासारख्या कार्डाला उन्हात टाकू नका, डब्याखाली घालू नका. आणि तुमच्या घरात एकाला राख दिसली, दुसऱ्याला आकाश दिसले, तर जास्त जाणता कोण आहे हे आधी पाहू नका. दुसरा डोळा मिटून पाहा, आणि ज्याने बोट ठेवले आहे त्याला ते लगेच काढायला लावू नका. भिंतींना पुन्हा रंग द्यायची वेळ आली की मला लिफाफ्यातून विनताबाई काढतात. पाचवे पान आपोआप उघडते.