चर नक्की कुणाचा?

"सर, तुम्हाला कधी कुणी डिच केलंय का?"

मागच्या बाकावरच्या दोघींनी पैज लावली म्हणून मी विचारलं, तेही उभं राहून, खणखणीत आवाजात. गेल्या वर्षापर्यंत हजेरी देतानासुद्धा माझा आवाज फुटायचा नाही. यंदा फुटलाय तो फुटलाच! अख्खा वर्ग खी खी करून हसला. फक्त खारू हसली नाही. खारू म्हणजे शेजारच्या बेकरीवाल्या काकांची मुलगी, माझी जिवलग. घरच्यांच्या हुकमावरून माझा बाक सोडून पहिल्या बाकावर जाऊन बसलेली.

भांडण कशाचं, तर आमच्या दोन घरांमधल्या चराचं. तो तुंबलाय आणि त्याला वास मारतोय. बाबा म्हणतात, चर त्यांचा, त्यांनी उपसावा. काका म्हणतात, चर तुमचा, तुम्ही उपसा. आणि कुंपण घालायचं निघालं तेव्हा हेच दोघे "चर माझा, चर माझा" म्हणून गळे काढत होते! कुणाचं खरं मानायचं? माझ्या डोक्याचा पार भुगा झालाय.

प्रश्न ऐकून सर आता मला वर्गाबाहेर काढणार, असं वाटलं. ते म्हणाले, "दोनदा. पण आधी शब्द बघू," आणि खडू घेऊन फळ्याकडे वळले. डिच म्हणजे खणलेला चर. नको ते चरात फेकून द्यायचं, म्हणून टाकून देणं हा अर्थ आला, तोही फार नंतर. विमान नाइलाजाने समुद्रात उतरवलं तरी डिचच. आणि इंग्रजीतलाच डाइक हा शब्द त्याचा जुळा भाऊ. तो कुठे चर असतो, तर कुठे चक्क बांध.

"म्हणजे खड्डाही तोच आणि उंचवटाही तोच? असं कसं, सर?"

"खणलेली माती कुठे टाकशील? शेजारीच ना? एकाच कामातून दोन्ही होतात. इंग्लंडात तर जुना ठोकताळाच आहे. खणणारा आपल्या हद्दीत खणतो आणि माती आपल्याच बाजूला टाकतो. बांध ज्याच्या बाजूला, चर त्याचा."

माझी ट्यूब पेटली! घरी येऊन दप्तर भिरकावलं आणि काठीने गवत बाजूला सारत चराकाठी फिरले. नळापासून मधल्या खांबापर्यंत बांध आमच्या बाजूला. झालं, बाबा हरले! पण खांबाच्या पुढे बांध गायब. बघते तर पलीकडे, काकांच्या बाजूला! आता?

खारू पलीकडे दोरीवरचे कपडे काढत होती.

"काय हरवलंय?"

"बांध. अर्धा तुमच्याकडे सापडला."

"मग चर कुणाचा?"

"अर्धा अर्धा? की कुणाचाच नाही? मला काही म्हणजे काही कळत नाहीये."

"तुला कधी कळलंय?" ती हसली, आणि लगेच तोंड पाडलं. "सकाळचा तो डिचचा टोमणा मला होता ना? भर वर्गात?"

"अगं, पैज होती ती!"

"मला लागलं ते. बाक मी हौसेने नाही बदललाय." कपडे कवटाळून ती आत गेली. दार लागलं.

टोमणा मी मारलाच नव्हता, मग तिला लागला कसा? आणि तिला लागला तर मी त्या बंद दाराकडे का बघत राहिले?

आत बाबा टेबलाशी किल्लीला कानस मारत होते. मी बांधाचं सगळं सांगितलं.

"तुझ्या सरांचं इंग्लंड इंग्लंडात," बाबा म्हणाले. "चर त्यांचाच."

"मग कुंपणाच्या वेळी तुमचा कसा होता?"

कानस थांबली. आई मान खाली घालून हसू दाबत होती. "आधी पाय धू, चिखलाची राणी," ती म्हणाली.

"धुते. पण ऐका. रविवारी चर मी उपसणार. बांध जिकडे, गाळ तिकडे टाकणार. थोडा आपल्याकडे, थोडा त्यांच्याकडे. चर कुणाचा ते तुम्ही दोघे भांडत बसा, मला अजूनही कळलेलं नाही. आणि उद्यापासून मी खारूच्या शेजारी बसणार, पहिल्या बाकावर. विचारत नाहीये, बाबा. सांगतेय."