पाचवी तार

"वाजवून बघ की बेटा," दुकानदार म्हणाला, "पण जरा बेतानं. मागं तबल्याला शाई लावणं चालू हाय."

शिवांगीने काळी, पाच तारांची बेस गिटार मांडीवर घेतली आणि सगळ्यात जाड तार छेडली. कपाटातले टाळ किणकिणले. वरच्या फळीवरची एकतारी भिंतीला टेकली होती, ती जराशी सरकली. तिच्या बापाने, श्रीशैलने, सवयीने दाराकडे बघून घेतले.

नांदेड त्याने मुद्दाम निवडले होते. उदगीरहून लातूर जवळ. पण लातुरात साडू होता, दोन मेहुणे होते आणि ते तिघेही कोणत्याही वेळी कोणत्याही रस्त्यावर सापडत. नांदेडात त्याला ओळखणारे कुणी नव्हते. लेकीला हेवी मेटल वाजवायची गिटार घेऊन देणे हे काम माणसाने परगावीच उरकावे, असे त्याचे मत होते.

मेटल म्हणजे काय, हे त्याने एकदा पाहिले होते. वाइंडिंगच्या दुकानाचे शटर अर्धे खाली ओढून, मोबाइलवर. चार जण केस मोकळे सोडून घुमत होते. आपल्याकडे असे घुमू लागले की लोक लिंबू घेऊन धावतात. तिथे टाळ्या वाजवत होते. घरी त्याची बायको राजकन्या एवढंच म्हणाली होती, "घ्यायची तर घ्या. पण गल्लीतून मिरवत आणू नका." आणि शिवांगीच्या कवटीच्या चित्राच्या काळ्या टी-शर्टवरून, एप्रिलच्या उन्हात, तिने स्वतःच्या हाताने ओढणी लपेटून दिली होती.

दुकानात मात्र एक वेगळीच गोष्ट घडली. श्रीशैलला मजा येऊ लागली.

सव्वीस वर्षे तो उदगीरला पाण्याच्या जळलेल्या मोटारी नवी तार गुंडाळून भरत होता. शेतकऱ्याने मोटार आणली की तो ती आधी उघडत नसे. चालू करून डोळे मिटून ऐकत असे आणि सांगत असे, बेअरिंग गेलंय का तार जळालीय. गिटारीच्या तारांखालच्या डब्या म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेली बारीक तांब्याची तार, हे दुकानदाराने सांगितल्यावर त्याने खुर्ची पुढे ओढली. काळीच्या आधी दाखवलेली लाल, शिंगांसारख्या टोकांची गिटार त्याने अर्ध्या मिनिटात नापास केली होती.

"ही नको. अर्थिंग न्हाई हिला. पोरीनं हात काढला की गुरगुरलाली."

दुकानदार चमकला. "साहेब स्वतः वाजवतात वाटतं?"

"न्हाई. मोटारी भरतो."

"आणि पाच तारा कशाला गं?" त्याने लेकीला विचारले. "चारात भागत न्हाई का?"

"आमची गाणी लई खालच्या सुरात हायत, पप्पा. चार तारांची जाड तार तेवढी खाली उतरवली की ढिली पडती, फडफडती. पाचवी तार त्याच्यासाठीच असती. ताठ राहून खाली जाती."

"म्हणजे जास्त लोडची मोटार."

"हाव. तसंच."

शिवांगीने काळीवर पुन्हा एक सूर धरला. श्रीशैलने डोळे मिटले. नवी भरलेली मोटार खोल बोअरवर पहिल्यांदा पाणी उचलते, तेव्हा जो जड, स्वच्छ आवाज येतो, तो आवाज. त्यात कुठे खरखर नव्हती. "हीच" हा शब्द त्याच्या ओठांवर आला होता.

"अरे श्रीशैल! तू हितं?"

दारात शिवलिंगअप्पा उभे होते. उदगीरच्या त्यांच्याच गल्लीतल्या शिवभजनी मंडळाचे प्रमुख. कडेवर शालीत गुंडाळलेली पेटी होती, तापलेलं लेकरू दवाखान्यात आणावं तशी. पेटीचे दोन सूर बसले होते, आणि अप्पा गेली तीस वर्षे पेटी नांदेडातच दाखवत, ही गोष्ट सोडून बाकी सगळ्याचा श्रीशैलने विचार केला होता.

"न्हाई, ते... अप्पा," श्रीशैल उठून उभा राहिला. "आपल्या भजनाला म्हटलं कायतरी. खालचा सूर धरायला. शिवांगी शिकलालीय."

बोलून गेल्यावर त्याला कळले, आपण काय बोललो.

अप्पांचा चेहरा उजळला. "भजनाला! अरे वा. आजकालची पोरं कुठं येतेत भजनाला! पण काळी कशाला रे? देवासमोर काळं बरं दिसत न्हाई. ती बघ, लाकडाच्या रंगाची. ती घे."

ती चार तारांची होती.

शिवांगीने बापाकडे पाहिले. तो कपाटातले टाळ मोजत असल्यासारखा उभा होता. भांडली असती तर बरे झाले असते. घरी ती मिठावरून भांडायची. इथे तिने काळ्या गिटारीवरचे बोटांचे ठसे ओढणीच्या टोकाने पुसले आणि ती पुन्हा खुंटीला अडकवली.

"हाव अप्पा," ती म्हणाली. "तीच घेऊ."

परतीच्या बसमध्ये कंडक्टरने पिशवीकडे बोट दाखवले. "काय हाय ह्याच्यात?"

"भजनाचं सामान," शिवांगी म्हणाली, आणि खिडकीबाहेर बघत बसली.

पुढल्या सोमवारी ती गल्लीतल्या मठात भजनाला बसली. चारच सूर वाजवले, पण अप्पांनी मान डोलावली म्हणून सगळ्यांनी डोलावली. "पोरगी संस्कारी हाय तुझी," प्रसाद घेताना तिघांनी सांगितले. श्रीशैलने तिघांनाही जास्त प्रसाद दिला. दुसरे काय द्यावे, ते त्याला सुचेना.

महिन्याने लातूरला, शिवांगीच्या कॉलेजात, तिच्या बँडचा कार्यक्रम झाला. श्रीशैल शेवटच्या रांगेत बसला. समोर दोनशे डोकी घुमत होती. त्याचे एकट्याचे डोळे मिटलेले होते. गाणं खाली उतरलं की जाड तार सुटायची, फडफडायची. बेअरिंग गेलेल्या मोटारीसारखी. प्रत्येक वेळी. एवढ्या गोंगाटात ते कुणाला कळत नव्हते. त्याला दुसरे काही ऐकूच येत नव्हते.

कार्यक्रमानंतर ड्रम वाजवणारा सत्यम घाम पुसत आला. "नमस्कार काका. शिवे, पाच तारांची ठरली होती ना आपली? तार पार फडफडलाली होती."

"दुकानात नव्हती रे," शिवांगी पटकन म्हणाली. "पप्पांनी लई शोधली."

सत्यम आदराने श्रीशैलकडे बघत होता. श्रीशैल गिटारीची पिशवी बंद करायला वाकला. चेन अडकली होती. ती सोडवायला त्याने बराच वेळ लावला.

रात्री ते साडूकडे राहिले; तिथेही पिशवी भजनाचं सामान म्हणूनच कोपऱ्यात गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी उदगीरला उतरल्यावर शिवांगी नेहमीप्रमाणे मागच्या बोळाकडे वळली. श्रीशैलने तिच्या खांद्यावरची पिशवी काढून आपल्या खांद्यावर घेतली आणि सरळ मठासमोरच्या रस्त्याला लागला. पिशवीचा पट्टा त्याला आखूड होत होता. गिटार पाठीवर आडवी बसली होती आणि समोरून येणाऱ्या सायकलींना थांबावे लागत होते.

मठाच्या ओट्यावर अप्पा चौघांसोबत बसले होते.

"या, या! भजनाचं सामान घेऊन कुठून आलाव?"

श्रीशैल थांबला. मान खाली गेली होती, ती वर यायला थोडा वेळ लागला.

"भजनाचं न्हाई, अप्पा. पोरीचं हाय. मेटल वाजवती ती. काल लातुरात वाजवलं." त्याने पाठीवरची पिशवी सावरली. "तिला ती काळी पाहिजे होती. मला तुमच्यासमोर लाज वाटली, म्हणून खोटं बोललो. हिच्यावर तार फडफडती."

अप्पांनी चष्मा काढला, धोतराला पुसला, पुन्हा घातला.

"मग," ते म्हणाले, "सोमवारी...?"

"ते तिला विचारा."

श्रीशैलने मागे वळून पाहिले. शिवांगी भर रस्त्यात उभी राहून अंगावरची ओढणी सोडवत होती. तिने तिची नीट घडी घातली आणि बापाच्या हातात दिली. छातीवरची कवटी ओट्याकडे बघत होती.

"चला पप्पा," ती म्हणाली. "पट्टा ढिला करून देते. खांद्याला रुतलाला."