हिशेबात न धरलेली ऊब

मित्रांनो, मी एक जुना हीटर आहे; पण आधी हृषिकेशचा फायदा मोजू. संगणकातल्या हिशेबातली गाडी आणि रस्त्यावरची खरी गाडी जवळपास एकाच किलोमीटरवर थांबली, तर जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या संशोधन संस्थेत त्याला आणखी दोन वर्षं नोकरी मिळणार होती. नाही थांबली, तर मार्चमध्ये पुण्याचं परतीचं तिकीट. माझा फायदा? मला कोण विचारतंय!

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. पोटात तारांची वेटोळी, पाठीला पंखा आणि अंगावर चिठ्ठी: अडीच किलोवॅट. २००८च्या जानेवारीत मला विजेच्या चाचणी-गाडीत बसवलं. पेट्रोलच्या गाडीत इंजिन तापतंच, त्याची ऊब फुकट. इथे मात्र ती बॅटरीतूनच काढावी लागते.

हृषिकेश मेहनती होता. गाडीचं वजन त्यानं काट्यावर घेतलं, टायरचा आणि हवेचा विरोध मोजला, थंडीत बॅटरी किती आळसावते तेही धरलं. एसीसाठी तर वेगळा रकाना ठेवला. हीटरसाठी नाही. पुण्याच्या घरच्या गाडीत ते बटण कुणी कधी फिरवलंच नव्हतं!

संगणक म्हणाला, एकशे वीस किलोमीटर.

चाचणीच्या दिवशी बाहेर उणे आठ होतं. शेजारी बसलेल्या रोहिणीताई, त्याच्या मूळच्या नागपूरच्या वरिष्ठ सहकारी, म्हणाल्या, "काच धुकटलीय रे, लाव की ते." त्यानं मला पूर्ण जोरात लावलं. मीही मन लावून राबलो. दोन तासांत बॅटरीच्या पंधरा युनिटांपैकी पाच मी एकट्यानं संपवली. ऐंशीव्या किलोमीटरला गाडी थांबली.

दुसऱ्या दिवशी हृषिकेशनं संगणकात हवेचा विरोध वाढवत वाढवत उत्तर ऐंशीवर आणलं.

"जुळलं, ताई!"

"हो, जुळलं. पण हवा एवढी घट्ट असती, तर तू सायकलवरून ऑफिसला पोचला असतास? आणि जुलैत काय, हीच हवा?"

"मग चाळीस किलोमीटर गेले कुठे?"

"काल गाडी चालवताना तुझे हातमोजे कुठे होते?"

"मागच्या सीटवर..." तो थबकला. "अहो, हीटर!"

तो धावत आला आणि वाकून माझी चिठ्ठी वाचली. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी ती वाचत होतं! हवेचा मोजलेला आकडा त्यानं परत जागेवर ठेवला आणि मला नवा रकाना दिला. संगणक म्हणाला, एक्याऐंशी. अहवालात त्यानं आपली चूकही लिहिली. संस्थेच्या जर्मन साहेबांनी ती वाचली, "गेनाऊ", म्हणजे 'अगदी बरोबर', म्हणाले आणि सही केली.

पुढे हृषिकेशची नोकरी कायम झाली आणि गाडीत नवा हीटर आला. काही वर्षं मी कपाटात धूळ खाल्ली. आता प्रयोगशाळेच्या फळीवर असतो. नवी मुलं आली की हृषिकेश आधी माझी चिठ्ठी वाचायला लावतो. मजेत आहे मी. फक्त अधूनमधून फडकं मारा, अक्षरं पुसट होतात. आणि मित्रांनो, उत्तर चुकलं तर मोजलेला आकडा वाकवू नका; मोजायचं काय राहिलं ते शोधा.

आता शेवटचा हिशेब. हृषिकेशला दोन वर्षं मिळाली, मला एक रकाना. रोहिणीताईंना दोन तास ऊब मिळाली. ओढून न्यायला गाडी येईपर्यंत दोघांनी कुडकुडून थोडी परतही केली. त्या उबेची किंमत, चाळीस किलोमीटर, बॅटरीनं भरली, एकटीनं.