कापूस नाही ना?

वैद्यकीय शब्दकोशाच्या कचेरीत आम्ही दोघं समोरासमोर बसतो. शब्द कुठून आला ते मी लिहिते, त्याचा अर्थ काय ते पलीकडचे निवृत्त डॉक्टर लिहितात. एकमेकांच्या रकान्यात नाक खुपसायचं नाही आणि शब्दात नाही ते लिहायचं नाही, असा आमचा नियम. त्यामुळे ढीगभर आजारांचं कूळमूळ मला तोंडपाठ आहे आणि साध्या सर्दीवरचं औषध विचाराल तर माहीत नाही.

नवऱ्याच्या फुप्फुसांच्या अहवालात ‘इडियोपॅथिक’ हा शब्द दिसला तेव्हाही मी माझाच रकाना भरला. इडिओस म्हणजे स्वतःचं, पॅथॉस म्हणजे दुखणं. दोन्ही ग्रीक. डॉक्टरीणबाई बरंच बोलल्या. फुप्फुसं आतून कडक होत चालली आहेत, ती पुन्हा मऊ व्हायची नाहीत. मी मान डोलावत राहिले. येताना साबण संपल्याचं आठवलं, तो घेतला. तेव्हापासून मी अशीच आहे. चहाने जीभ पोळली तरी कप विसळताना कळतं.

सासऱ्यांना मात्र सगळं लगेच कळत होतं. त्यांचं गाद्यांचं दुकान. सासूबाई लवकर गेल्या, म्हणून लेक दुकानातच वाढला, पिंजलेल्या कापसाच्या ढिगावर झोपला. संध्याकाळी त्याच्या भुवयांवरसुद्धा कापूस असायचा, म्हणून त्याचं नाव पांढरं अस्वल. आमच्या लग्नात त्यांनी ही गोष्ट दिसेल त्या पाहुण्याला धरून सांगितली होती. आता ते अस्वलाचं नावही काढत नाहीत. मुलगा आजारी पडला तसं त्यांनी दुकानाला कुलूप लावलं, आणि आमच्याकडे आले की आधी जिन्यात उभे राहून कपडे झटकत राहतात.

परवा ते थेट स्वयंपाकघरात आले.

“सूनबाई, त्या कागदावरच्या शब्दाचं काय ते सांग.”

“स्वतःचं दुखणं, असा त्याचा उगम आहे, बाबा.”

“उगम राहू दे गं. अर्थ सांग.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “कापूस नाही ना?”

अर्थ मला माहीत होता. डॉक्टरांनी कोशात लिहिलाय: कारण न सापडलेला. कारण नसलेला, असं नव्हे. कापसाच्या धुळीने छाती धरते त्या रोगाचं नावही मला ठाऊक होतं, तलम कापडाच्या ग्रीक नावावरून आलेलं. डॉक्टरीणबाईंना मी विचारलंही होतं. त्या म्हणाल्या होत्या, कापसामुळेच असं म्हणता येत नाही, आणि कापूस नाहीच असंही नाही.

“कापूस नाही,” मी म्हणाले.

“नक्की?”

“शब्दातच तसं आहे.”

ते खुर्चीत बसले आणि तोंड ओंजळीत धरून रडले. मी गॅस बारीक केला. मी बिनदिक्कत खोटं बोलले होते आणि त्याचंही काही वाटत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते खांद्यावर नवी कोरी गादी घेऊन हजर. दुकान उघडलं होतं, कापूस स्वतः पिंजला होता. “आता बघ कशी झोप लागते!” म्हणत त्यांनी ती पलंगावर पसरली, लेकाला तिच्यावर बसवलं आणि वर दोन थापा मारल्या. खिडकीतल्या उन्हात बारीक तंतू उडाले.

नवरा ओठ मिटून हसत होता. सासऱ्यांनी पांढऱ्या अस्वलाची गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली, साभिनय. तो मान हलवत ऐकत होता. त्याच्या मानेच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या.

ते जिना उतरले, खालचं दार वाजलं, आणि मग तो खोकला. वाकून, उशी तोंडाशी धरून, निळा पडेपर्यंत.

दम परत आल्यावर म्हणाला, “बाबांना काय सांगितलंस?”

“कापूस नाही म्हणून.”

“बरं केलंस.” त्याने गादीवर हात फिरवला. “ही राहू दे. ते परत येतील तेव्हा दिसायला हवी. खिडकी तेवढी उघड.”

कडी घट्ट बसली होती. ओढताना बोट चिमटलं. या वेळी लगेच दुखलं, फार दुखलं, आणि मी त्याच्याकडे पाठ करून मोठमोठ्याने रडायला लागले.