उंबऱ्याआतच राहिलेली टोळी

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. बोरी बुद्रुकला सरूबाईंच्या घरात, विळ्या-खुरप्यांच्या फळीवर असतो. माझ्या पाठीवर कुंकवाचा सुकलेला ठिपका आहे. तो कुणी पुसत नाही.

पुण्यातल्या एका ऑफिसने मला मोडीत काढलं आणि मी सरूबाईंच्या सुनेच्या, उज्ज्वलाच्या हाती आलो. व्हिडिओ बघून बघून ती प्रोग्रॅमिंग शिकली. कांदा लागवडीला कुणाच्या वावरात कधी बायकांची टोळी हवी, हे सगळ्यांना फोनवर दिसावं, असं 'टोळी' नावाचं ॲप तिला करायचं होतं.

त्यासाठी आधी माझ्याच पोटात संसार मांडावा लागला. सर्व्हर, डेटाबेस, असली सगळी भांडीकुंडी. रेंज फक्त गच्चीवर. डाउनलोड निम्म्यात तुटायचं, पडद्यावर लाल ओळी यायच्या, ती पुन्हा पहिल्यापासून मांडायची.

"डबड्याम्होरं बसून पोट भरतंय व्हय?" सरूबाई खालून ओरडायच्या.

शेवटी एकदाची टोळी पडद्यावर उमटली. सगळ्यात वर फोटो सरूबाईंचा, कारण एके काळी टोळी त्याच चालवायच्या.

"अगं बया, ही तर मी! मंचरच्या लोकास्नीबी दिसती का?"

"नाय आत्या. अजून ह्या डब्यातच हाय सगळं. इंटरनेटवर चढवलं का मग दिसंल."

"मंग दसऱ्याला चढव. पोर चांगल्या मुहूर्तावर उंबऱ्याभायेर काढावं."

उज्ज्वला हसली आणि दसऱ्यापर्यंत थांबली. तिच्या कामाला सासूने पहिल्यांदाच पोर म्हटलं होतं.

आदल्या दिवशी खंडेनवमी. उज्ज्वला झेंडू तोडायला वावरात गेली होती. सरूबाईंनी विळे, खुरपी, कुदळ धुऊन मांडली. मग मला उचललं. "सुनेचं हत्यार हाय हे," असं म्हणत तांब्याने माझ्यावर पाणी घातलं, पदराने पुसलं, कुंकू लावलं. झाकण मिटलेलं असलं तरी मी चालूच होतो. एवढ्या मायेने मला कुणीच कधी धरलं नव्हतं. आणि त्याच पाण्याने माझ्या आतलं सगळं विझलं.

मंचरच्या दुरुस्तीवाल्याने मान हलवली. "आतलं काय निघायचं न्हाई, ताई."

दसऱ्याला सरूबाईंनी माझ्यावर आपट्याचं पान ठेवलं. "काढ गं आता पोर भायेर!"

उज्ज्वलाने बराच वेळ पान नीट केलं. "जुना व्हता, आत्या. थकला."

तिने सगळा दोष माझ्या वयावर घातला. मी तो घेतला.

मित्रांनो, जिवापाड केलेलं काम एकाच डब्यात ठेवू नका. मुहूर्त येईल तेव्हा येईल. एक प्रत आजच दुसरीकडे ठेवा. आणि आमच्यासारख्यांना कोरडं फडकं पुरतं, हे घरातल्या मायाळू माणसांना वेळेवर सांगा.

यंदाच्या खंडेनवमीला सरूबाईंनी विळे धुतले. मला मात्र कोरड्या पदराने पुसलं, ठिपका तेवढा सोडून. पुसता पुसता माझ्याशीच बोलल्या, "पाण्यानं गेलास, ते त्या दुरुस्तीवाल्याकडनं कळलं. एका शब्दानं बोलली न्हाई रं मला पोरगी."